दुसऱ्याच्या फोटोवर बोलायचं तर: ‘मस्त’च्या पुढे काय सांगायचं आणि कसं

आमच्या फोटो काढणाऱ्या मित्रमंडळीत एक मुलगा नवीन आला होता, नुकताच कॅमेरा घेतलेला, आणि तीन-चार वेळा नुसता बसून गेल्यावर एकदाचा धीर करून त्याने एक फोटो दाखवायला आणला. समुद्राची संध्याकाळ, पाठमोरा चालणारा एक माणूस, हातात चपला, मागे ओल्या वाळूत पावलं उमटलेली. मी मोबाईल हातात घेतला, दोन सेकंद बघितलं आणि म्हटलं, “होरायझन तिरका आलाय रे.” बास, एवढंच. खोटं नव्हतं ते, क्षितिज दोनेक अंश तिरकं होतंच. तो “हो का” म्हणाला, मोबाईल परत घेतला आणि नंतर कितीतरी महिने त्याने कुणालाच काही दाखवलं नाही. खूप नंतर कळलं की तो पाठमोरा माणूस म्हणजे त्याचे वडील, मोठ्या आजारातून उठून पहिल्यांदाच एवढं लांब चाललेले. मला क्षितिज दिसलं आणि माणूस दिसलाच नाही, हे मला आजही टोचतं.

तेव्हापासून मी दुसऱ्याच्या फोटोवर बोलायची माझी पद्धत हळूहळू बदलत नेली, आणि त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं थोडक्यात असं की समोरचा फोटो तर काढून झालाय, आपलं बोलणं असतं ते त्याच्या पुढच्या फोटोसाठी, म्हणजे पुढच्या वेळी तो कॅमेरा डोळ्याला लावेल तेव्हा आपल्या बोलण्यातलं काहीतरी एक त्याला आठवलं पाहिजे आणि कॅमेरा लावायची इच्छा तर शाबूत राहिलीच पाहिजे. हे दोन्ही साधायचं असेल तर आधी नीट बघावं लागतं. बोलणं त्याच्या बरंच नंतर येतं.

१. आधी विचारा की फोटो कशासाठी दाखवतोयस

हे आपण जवळजवळ कधीच करत नाही. कुणी फोटो पुढे केला की आपण लगेच परीक्षक होतो, पण समोरच्याला परीक्षक हवा असतोच असं नाही. कुणाला नुसता आनंद वाटून घ्यायचा असतो, कुणाला तो मोठा प्रिंट करून भिंतीवर लावायचा असतो, कुणी स्पर्धेला पाठवायचा म्हणून दोनपैकी एक निवडतोय, कुणी पॅनिंग (हलणाऱ्या विषयासोबत कॅमेरा फिरवत फोटो काढणं) शिकतोय आणि त्याला फक्त पॅनिंग जमलंय का एवढंच जाणून घ्यायचंय. या चौघांना चार वेगळी उत्तरं द्यावी लागतात. म्हणून मी सरळ विचारतो, “यात तुला स्वतःला काय आवडलंय?” आणि “नेमकं कशाबद्दल सांगू?” या दोन प्रश्नांनी अर्धं काम होतं, कारण बरेचदा समोरचा स्वतःच सांगतो की मला आकाश आवडलंय पण खालचा भाग रिकामा वाटतोय, काय करायला हवं होतं कळत नाहीये. मग आपल्याला अंदाजाने दगड मारत बसावं लागत नाही.

आणि जर तो म्हणाला की काही नाही, असाच दाखवला, तर “छान आहे, कुठला रे हा?” म्हणून गप्पा मारा. न मागितलेला सल्ला कितीही बरोबर असला तरी कानाबाहेरूनच जातो.

२. स्क्रीन तपासा

छोटी गोष्ट आहे पण यावरून फुकट वाद झालेले मी पाहिलेत. तुमच्या फोनचा ब्राइटनेस कमी असेल तर त्याचा फोटो अंडर, म्हणजे हवा त्यापेक्षा काळोखा वाटणार, रात्रीचा पिवळट मोड चालू असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, बिघडलेला वाटणार. मेसेजमधून आलेला फोटो बहुतेक वेळा दाबून लहान झालेला असतो, त्यावर शार्पनेसबद्दल बोलूच नका, मूळ फाइल मागवा. आणि रंग अगदीच मेलेले दिसत असतील तर एक्स्पोर्ट अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये (फाइलमध्ये रंग साठवायची एक पद्धत) केलाय का ते विचारा, कारण कलर प्रोफाइल न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये तशी फाइल फिकी दिसते, एसआरजीबी या नेहमीच्या पद्धतीत काढली की तोच फोटो जिवंत दिसतो. म्हणजे जो दोष फोटोत नव्हताच तो आपण फोटोग्राफरच्या माथी मारणार होतो.

३. एक मिनिट गप्प बसून बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. घड्याळ लावून एक मिनिट बघून बघा, किती लांब वाटतं ते कळेल. पहिल्या दोन सेकंदात दिसतो तो फोटोचा सगळ्यात ठळक दोष किंवा सगळ्यात ठळक रंग, बाकीचं त्यानंतर उलगडतं.

त्या मिनिटात मी काय करतो ते सांगतो. आधी स्वतःच्या डोळ्यांवर लक्ष ठेवतो: नजर पहिल्यांदा कुठे गेली, तिथून कुठे सरकली, कुठे अडकली आणि फोटोतून बाहेर कुठून पडली. मग डोळे बारीक करतो, इतके की तपशील पुसला जाऊन फक्त उजेड आणि काळोखाचे ठिपके उरतील. सगळ्यात उजळ ठिपका मुख्य विषयावर असेल तर ठीक, पण तो मागच्या ट्यूबलाइटवर किंवा पांढऱ्या गाडीवर असेल तर नजर तिकडेच पळणार. मग फोन उलटा करून फोटो खाली डोकं वर पाय असा बघतो. हे ऐकायला विचित्र वाटेल पण उलट्या फोटोत आपण ‘माणूस’, ‘झाड’ असं बघत नाही, नुसते आकार बघतो, त्यामुळे तोल कुठे गेलाय ते पटकन कळतं.

शेवटी कडांवरून एक फेरी. चारही कडांवरून आणि चारही कोपऱ्यांतून सावकाश नजर फिरवा, कापलेली बोटं, अर्धवट घुसलेली फांदी, कोपऱ्यातला उजळ डाग, सगळं तिथेच लपलेलं असतं. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात टिपलेला स्थलांतरित मजूर आईचा फोटो जगभर माहीत आहे, त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला कुणाचा तरी अंगठा आला होता आणि तो लँगना इतका खटकला की पुढे त्यांनी थेट निगेटिव्हवर रिटचिंग करून तो पुसट करून घेतला. हे सगळ्यांना पटलं नव्हतं, आणि तो वाद आपल्या जागी आहे, पण एवढ्या ताकदीच्या चेहऱ्याचा फोटो काढणाऱ्या बाईलासुद्धा कोपऱ्यातला अंगठा दिसत होता ही गोष्ट मला फार शिकवून जाते.

४. जे दिसतंय ते आधी सांगा, चांगलं-वाईट नंतर

तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य वर्णनाचं असू द्या. “मला आधी तिचा डोळा दिसला, मग गालावरचा उजेड, मग मी खाली हाताकडे आलो आणि तिथून ती लाल पिशवी दिसली आणि मी तिथेच थांबलो.” यात कौतुक पण नाही आणि टीका पण नाही. पण फोटोग्राफरला याच्याइतकं मोलाचं दुसरं काही मिळत नाही, कारण आपला फोटो दुसऱ्याच्या डोळ्यांना कसा दिसतो हे त्याला स्वतःला कधीच कळू शकत नाही. तो तिथे होता, त्याला वारा आठवतो, आवाज आठवतात, त्या आधी काय झालं ते आठवतं. फ्रेममध्ये यातलं काय उतरलं आणि काय बाहेरच राहिलं ते फक्त आपण सांगू शकतो.

बरेचदा एवढ्यावरच तो म्हणतो, “अरे, पिशवी? मला पिशवी दिसलीच नव्हती!” झालं की काम. चूक आपण काढलीच नाही, त्याची त्यालाच सापडली.

५. चांगलं काय आहे ते नेमकं सांगा

‘मस्त’, ‘कडक’, ‘भारी’ याने बरं वाटतं पण हातात काही पडत नाही. ‘मस्त’ ऐकून पुढच्या वेळी नक्की काय परत करायचं? त्याऐवजी “तू थांबलास आणि सायकलवाला बरोबर त्या उजेडाच्या पट्ट्यात आल्यावर क्लिक केलंस, त्यामुळे त्याची सावली भिंतीवर पूर्ण उमटली” असं सांगितलं तर थांबण्याचा फायदा त्याच्या डोक्यात पक्का बसतो. नवीन माणसाकडून कितीतरी चांगल्या गोष्टी नकळत घडतात आणि कुणी दाखवून दिल्या नाहीत तर तशाच निसटून जातात. म्हणून हे तोंडदेखलं कौतुक समजू नका, जमलेली गोष्ट नावानिशी दाखवणं हा शिकवण्याचाच भाग आहे.

एक पथ्य मात्र पाळा, खोटं बोलू नका. काहीच आवडलं नसेल तर प्रयत्नातलं काहीतरी खरं शोधा, पहाटे उठून गेला असेल, अनोळखी माणसाला विचारून पोर्ट्रेट काढलं असेल. ते सुद्धा खरंच मोलाचं असतं.

६. दोष एकच निवडा, पण त्याच्या मुळाशी जा

आता मुख्य भाग. तुम्हाला सात दोष दिसले तरी एक सांगा, फार तर दोन. सात सांगितले की माणूस सातही विसरतो आणि फक्त “माझं काहीच जमत नाही” एवढं लक्षात ठेवतो. कुठला निवडायचा? मी स्वतःला विचारतो की यातलं काय सुधारलं असतं तर फोटोत सगळ्यात जास्त फरक पडला असता. बहुतेक वेळा उत्तर उजेड, क्षण किंवा बॅकग्राउंड यापैकी एक असतं, नॉइज (फोटोत दिसणारे दाणे) आणि होरायझन फार खाली येतात. आणि शक्यतो असा दोष निवडा जो पुढच्या वेळी कॅमेरा हातात असताना टाळता येईल, कारण एडिटिंगमध्ये जाणारा डाग तो स्वतःच कधीतरी शिकून घालवेल.

निवडला की कारण शोधा. नुसतं “ब्लर आलाय” म्हणून काय उपयोग, ब्लर तीन प्रकारचा असतो आणि तिन्हीचं औषध वेगळं. फोटो झूम करून बघा. कुठेतरी काहीतरी शार्प आहे, उदाहरणार्थ मागचं गवत किंवा कान एकदम टोकदार आणि डोळा मऊ, तर फोकस चुकलाय, फोकस पॉइंट स्वतः डोळ्यावर ठेवायला सांगा. आजूबाजूचं सगळं शार्प आणि फक्त धावणारं पोर पुसट, तर शटर स्पीड (शटर सेकंदाचा किती भाग उघडं राहतं ते) त्याच्या धावण्याला पुरला नाही, १/६० ला पळणारं मूल पकडता येत नाही, १/५०० च्या आसपास जायला हवं, उडणारा पक्षी असेल तर १/१६०० किंवा १/२००० सुद्धा लागतं. आणि सगळंच एकाच दिशेला घसरल्यासारखं दिसत असेल, उजेडाच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्या असतील, तर कॅमेरा हललाय. तिथे जुना ठोकताळा सांगता येतो, जेवढी फोकल लेंग्थ (लेन्सचा एमएममधला आकडा) तेवढा शटर स्पीड, २०० एमएमला निदान १/२००, आणि १.५ पट क्रॉप सेन्सर, म्हणजे छोटा सेन्सर असेल तर १/३००. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर याहून कमी चालतं, पण स्टॅबिलायझेशन फक्त आपला हात सांभाळतं, समोरचं मूल नाही, हे नवीन लोकांना आवर्जून सांगा कारण इथे पुष्कळ गोंधळ होतो.

तसंच उघड्या अ‍ॅपर्चरचं, म्हणजे लेन्सच्या मोठ्या उघडलेल्या छिद्राचं; एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. नवीन प्रायम लेन्स (झूम न होणारी) घेतली की प्रत्येक जण एफ/१.८ वरच अडकतो, मीही वर्षभर अडकलो होतो. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, ५० एमएमने १ मीटरवरून एफ/१.८ ला फोटो काढला तर जेमतेम ४ सेंटीमीटर जाडीचा पट्टा शार्प येतो, म्हणजे चेहरा जरा तिरका असला तर एक डोळा आत आणि दुसरा बाहेर. एफ/४ ला तोच पट्टा नऊ-साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास जातो. असे आकडे सोबत दिले की समोरच्याला पटकन पटतं, कारण “अ‍ॅपर्चर कमी कर” हा हुकूम वाटतो आणि ४ सेंटीमीटर बोटांनी मापून दाखवले की कारण दिसतं.

एक्स्पोजरबद्दल (फोटोत किती उजेड आलाय त्याबद्दल) बोलताना आधी ठरवा की जळलेला भाग महत्त्वाचा आहे का. ८ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात, तिन्ही २५५ ला भिडले की तिथे कोरा पांढरा कागद, मग स्लायडर कितीही ओढा. पण फ्रेममध्ये सूर्यच असेल तर तो पांढरा येणारच, त्यावरून कुणाला टोकण्यात अर्थ नाही. लग्नातल्या पांढऱ्या कपड्यावरची नक्षी गेली असेल तर मात्र सांगा, आणि सोबत हेही सांगा की हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला होता का ते कॅमेऱ्यातच बघता येतं, आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल असेल तर थोडंफार परत मिळू शकतं.

बॅकग्राउंडचा दोष सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात स्वस्तात सुटतो. डोक्यातून उगवलेला खांब, मानेतून जाणारी रेघ, मागे अर्धा कापलेला माणूस. इथे उत्तर बहुतेक वेळा एक पाऊल असतं, डावीकडे एक पाऊल, किंवा गुडघ्यावर बसून खालून, म्हणजे मागे आकाश येईल. मी हे बोलून सांगण्यापेक्षा उभं राहून करून दाखवतो. मित्राला उभं करतो, त्याच्या डोक्यामागे खिडकीची चौकट येईल असा मोबाईल धरतो आणि मग फक्त अर्धा फूट सरकतो. चौकट गायब. एकदा डोळ्यांनी पाहिलेलं हे माणूस विसरत नाही.

एडिटिंगचा अतिरेक असेल तर पुरावा बोट ठेवून दाखवा. डोंगराच्या कडेने पांढरी उजळ रेघ आली असेल तर क्लॅरिटी (कडा ठळक करणारा स्लायडर) जास्त ओढलीय, गवत रेडियमसारखं दिसत असेल तर हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा), आणि गालावरचं एकही छिद्र दिसत नसेल तर स्किन स्मूदिंग. आणि एक उपाय नक्की सांगा: एडिट करून झाल्यावर लगेच एक्स्पोर्ट न करता रात्रभर ठेव, सकाळी ताज्या डोळ्यांनी बघ, आणि सगळे स्लायडर निम्म्यावर आणून एकदा तुलना कर. मला स्वतःला याचा सगळ्यात जास्त फायदा झालाय.

७. शब्द

वाक्याचा कर्ता बदलला की सगळा सूर बदलतो. “तू फोकस चुकवलास” आणि “फोकस कानावर गेलाय बघ” यात माहिती एकच आहे, पण दुसऱ्यात आपण दोघं मिळून फोटोकडे बघतोय आणि पहिल्यात मी तुझ्याकडे बघतोय.

‘पण’ हा शब्द जपून वापरा. “उजेड छान आहे पण...” म्हटलं की अलीकडचं सगळं पुसलं जातं, समोरचा फक्त पलीकडच्याची वाट बघत असतो. मी दोन वेगळी वाक्यं करतो आणि मध्ये चक्क थांबतो. उजेडाबद्दल बोललो, थांबलो, त्याला काय म्हणायचं ते म्हणू दिलं, मग “बरं, या उजव्या कडेकडे बघ जरा.”

“मी असतो तर असं केलं असतं” हेही वाक्य सांभाळून. कारण तो तुम्ही नाहीये, आणि तुमच्यासारखे फोटो काढायला तो आलेला नाही. त्याऐवजी “तुला एकटेपणा दाखवायचा होता ना, मग आजूबाजूला अजून मोकळी जागा सोडून बघितलीस का?” असं त्याच्याच हेतूपासून सुरू करा. आणि “तू असं का केलंस?” यातल्या ‘का’मध्ये नकळत जाब विचारल्याचा सूर येतो, “इथे काय विचार होता?” म्हटलं तर माणूस मोकळा होऊन बोलतो.

आपली आवड आणि फोटोचा दोष वेगळे ठेवा. मला ब्लॅक अँड व्हाइट फार आवडतं म्हणून प्रत्येकाला “हा कृष्णधवल करून बघ” सांगायची सवय मला लागली होती, एका मैत्रिणीने शांतपणे विचारलं की या फोटोत रंगाने काय बिघडतंय ते सांग, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मी म्हणतो, “ही माझी आवड आहे, सोडून दिलीस तरी चालेल.”

एक अख्खा फोटो घेऊन बघू

समजा मैत्रिणीने हा फोटो दाखवला. खिडकीशी बसलेली आजी सुईत दोरा ओवतेय. चष्मा नाकावर घसरलेला, ओठ किंचित मुडपलेले, दोऱ्याचं टोक नेढ्यापासून केसभर लांब. डावीकडून पडद्यातून गाळून आलेला मऊ उजेड. उजव्या कडेला मागे एक लाल प्लास्टिकची बादली. झूम केल्यावर दिसतं की फोकस अलीकडच्या हाताच्या पेरांवर आहे, सुई आणि दोरा जरासे मऊ.

“सुंदर आहे गं, फक्त फोकस बघ आणि बादली नको होती” हे वाक्य चुकीचं नाही, पण मी असं बोलेन (यातला आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची तीव्रता):

“मला आधी तिचा चेहरा दिसला, ते मुडपलेले ओठ, आणि मी आपोआप ती कुठे बघतेय तिकडे गेलो, सुईकडे. म्हणजे तू मला बरोबर नेलंस. दोरा अजून आत गेलेला नाहीये, तो क्षण तू पकडलास म्हणून मी पण श्वास रोखून बघतोय, गेल्यावर क्लिक केलं असतंस तर ही मजा नसती. आणि पडद्याने उजेड मऊ झालाय त्यामुळे तिच्या सुरकुत्या दिसतायत पण बोचत नाहीयेत. आता सुईपाशी मी पोचतो आणि तिथे मला टोक स्पष्ट दिसत नाही, बघ, पेरं शार्प आहेत. किती अ‍ॅपर्चर होतं? एफ/१.८ ना, एवढ्या जवळून दोन-चार सेंटीमीटरचाच खेळ असतो. सगळा जीव त्या टोकात आहे, म्हणून पुढच्या वेळी एफ/४ ला जा, आयएसओ ४०० चा २००० होईल, होऊ दे, थोडा नॉइज परवडला, आणि फोकस पॉइंट सुईवर ठेवून पाच-सहा फ्रेम घे कारण हात थोडा हलतोच. चेहरा जरा मऊ राहिला तरी चालेल.”

बादली? बादलीबद्दल मी बहुतेक काहीच बोलणार नाही. तिने विचारलंच, “अजून काही?” तर “उजवी कड बघ” एवढंच. ती तिला स्वतःला दिसेल.

क्रॉप दाखवायचा असेल तर

दुसऱ्याचा फोटो न विचारता एडिट करून परत पाठवू नका, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. तुमचं एडिट चांगलं असेल तरीही. “एक कॉपी करून क्रॉप दाखवू का?” एवढं विचारायला काय लागतं. समोरासमोर असाल तर एडिट पण नको, दोन कोरे कागद घेऊन स्क्रीनवर कडा झाकत जा, झाकला की काय होतं आणि उघडला की काय होतं हे दोघांना एकदमच दिसतं, आणि नको वाटलं तर कागद उचलायचा.

त्या समुद्राच्या फोटोचं पुढे हेच झालं. पुष्कळ दिवसांनी तो मुलगा परत यायला लागला, तेव्हा मी त्याची माफी मागितली आणि तो फोटो परत बघू देशील का म्हणून विचारलं. आम्ही दोघांनी मिळून तो सरळ करून बघितला. फोटो फिरवला की कोपरे कापावे लागतात, आणि सरळ केल्यावर खालच्या कडेची ओल्या वाळूतली दोन पावलं गेली. वडिलांची पावलं. त्याने लगेच अनडू केलं, आणि तो तिरकाच प्रिंट केलेला फोटो आता त्यांच्या घरात लावलेला आहे.

नियमांचं काय करायचं

रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे तीन-तीन भाग करून विषय त्या रेघांवर ठेवणं), लीडिंग लाइन्स (नजर विषयाकडे नेणाऱ्या रेघा), बघण्याच्या दिशेला जागा सोडणं, हे सगळं उपयोगी आहे, पण “रूल ऑफ थर्ड्स पाळला नाहीस” ही फीडबॅक होत नाही. त्यामुळे या फोटोत काय बिघडलं ते सांगता आलं तरच नियमाचं नाव काढा. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ सालचा पॅरिसमधला तो साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस आठवा, माणूस चक्क हललेला आहे, आणि फोटो क्रॉप करू नये असं मानणाऱ्या या फोटोग्राफरने तो फोटो मात्र क्रॉप केलेला आहे, कारण तो कुंपणाच्या फटीतून घेतला होता आणि कडेला फळी आली होती. उडी जिवंत आहे, टाच पाण्याला आता टेकेल असं वाटतं, तिथे शार्पनेसचा प्रश्न मनात येतच नाही.

काही फोटोंना वेगळं माप

पक्ष्यांच्या घरट्याचा जवळून काढलेला फोटो समोर आला तर मी कॉम्पोझिशनवर (फ्रेमच्या मांडणीवर) बोलतच नाही. पिल्लांजवळ माणूस गेला की पालक पक्षी घरट्यापासून लांब राहतात, कधी घरटं सोडून देतात, म्हणून अनेक वन्यजीव छायाचित्रण स्पर्धा असे फोटो घेत नाहीत. हे शांतपणे, एकट्यात सांगायचं. चारचौघांत सांगितलं तर माणूस बचावात जातो आणि मुद्दा हरवतो. रस्त्यावर झोपलेल्या, रडणाऱ्या, आजारी माणसांच्या फोटोंचंही तसंच, तिथे मी आधी विचारतो की त्यांच्याशी काही बोलणं झालं का, त्यांना माहीत होतं का. उत्तरावरून पुढचं ठरतं.

आणि गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो कुणी दाखवला तर टेक्निकबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. त्या माणसाबद्दल विचारा.

जो प्रकार तुम्ही कधी काढलाच नाही, म्हणजे आकाशगंगा, मॅक्रो (छोट्या वस्तूंचे अगदी जवळून काढलेले), नृत्य, तिथे सल्ला देऊ नका, पण चौथ्या पायरीतलं वर्णन नक्की करा. बघणारा म्हणून तुमचे डोळे तितकेच कामाचे आहेत.

बोलून झाल्यावर

समोरचा समजावून सांगायला लागला की ऐकून घ्या. “अरे जागाच नव्हती मागे सरकायला, मागे भिंत होती.” मग खरंच उपाय काय होता त्यावर दोघं मिळून विचार करा, वाइड लेन्स, उभी फ्रेम, दोन फोटो जोडणं, किंवा तो फोटो त्या जागेवरून होतच नव्हता हेही एक उत्तर असू शकतं. आणि तो दुखावलाय असं जाणवलं तर लगेच अजून चार मुद्दे सांगून आपलं म्हणणं पटवायला जाऊ नका, थांबा, विषय बदला, दुसऱ्या दिवशी फोन करा.

तुमचेही फोटो पुढे ठेवा, आणि शक्यतो फसलेले. मी प्रत्येक भेटीत निदान एक असा फोटो नेतो ज्यात काहीतरी खटकतंय पण काय ते मला सापडत नाहीये, आणि सगळ्यात नवीन माणसाला पहिल्यांदा विचारतो. त्यांना ‘रूल’ माहीत नसतात म्हणून ते जे दिसतं तेच सांगतात, आणि कितीतरी वेळा नेमकं तेच कारण निघतं.

शेवटचं काम पंधरा दिवसांनी, महिन्याने करायचं. आपण काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवा, मी तर फोनमध्ये एक ओळ लिहून ठेवतो, ‘सुई, एफ/४’ एवढीच. ती पुन्हा भेटली की विचारायचं, “आजीचा परत काढलास का?” काढला असेल तर दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघायचे, आणि पुन्हा घड्याळ लावून एक मिनिट गप्प बसायचं.